सी ड्राइव्हवरची हायबरनेशन फाइल: ठेवायची, लहान करायची की काढून टाकायची?

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की कुणीतरी सल्ला देतंच, "हायबरनेट बंद कर, पाच-सहा जीबी सुटतील." सल्ला खोटा नाही. एका ओळीच्या कमांडने जागा खरंच सुटते. पण त्याच ओळीने लॅपटॉपची बॅटरी संपताना उघडं काम वाचवणारी सोयही जाते, आणि ते कळतं तेव्हा काम गेलेलं असतं. म्हणून फाइल किती जागा खाते हे नंतर बघा. तुमच्या मशीनची वीज कशी जाते, हे आधी ठरवा. ऐरोली किंवा महाप्याच्या ऑफिसातून रोज बॅगेत घरी येणारा लॅपटॉप आणि वागळे इस्टेटमधल्या डीटीपीच्या टेबलावरचा डेस्कटॉप, या दोघांची उत्तरं वेगळी आहेत.

ही फाइल नेमकी काय आहे

स्लीपमध्ये उघडे प्रोग्रॅम रॅममध्येच राहतात आणि रॅमला थोडी वीज लागत राहते. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, डिस्कवर लिहिला जातो आणि मशीन पूर्ण बंद होतं. चार्जर काढा, बॅटरी शून्यावर जाऊ द्या, आठवडाभराने सुरू करा. उघडी एक्सेल शीट जिथे होती तिथेच मिळते.

हा मजकूर जातो हायबरफिल डॉट एसवायएस नावाच्या फाइलमध्ये. नाव शोधताना लक्षात ठेवा, 'फिल'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई नाही. ही फाइल सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर, लपवलेली आणि सिस्टिमने राखलेली असते. ती डी ड्राइव्हवर हलवता येत नाही. मशीन सुरू होताना विंडोज पूर्ण उभं राहण्याआधीच ती वाचावी लागते, म्हणून तिची जागा ठरलेली आहे. डी ड्राइव्हवर हलवून देतो म्हणणाऱ्या युक्त्यांमध्ये वेळ घालवू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे: ही जागा हायबरनेट करताना भरत नाही, आधीपासूनच अडवून ठेवलेली असते. वर्षभर एकदाही हायबरनेट केलं नाही तरी ती गेलेलीच असते. किती, ते रॅमवर ठरतं. विंडोज १० आणि ११ मध्ये पूर्ण फाइल रॅमच्या ४० टक्के असते. ८ जीबी रॅमला ३.२ जीबी, १६ ला ६.४ आणि ३२ ला १२.८ जीबी. विंडोज ७ मध्ये हेच प्रमाण ७५ टक्के होतं, म्हणून जुन्या लेखांतले आकडे आज जुळत नाहीत.

१२८ जीबीची एसएसडी विंडोजला सुमारे ११९ जीबी दिसते. त्यात ६.४ जीबी म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. ५१२ जीबीच्या डिस्कवर तेवढ्यासाठी हात लावायची गरज नाही.

आधी आपल्या मशीनवर काय आहे ते बघा

सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग स्टोरेज. 'शो मोअर कॅटेगरीज'वर क्लिक करून 'सिस्टिम अँड रिझर्व्ह्ड' उघडा. तिथे हायबरनेशन फाइलचा आकार वेगळा दिसतो. त्याच पानावर व्हर्च्युअल मेमरीचाही आकडा असतो. ती पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा. तिचा हायबरनेशनशी संबंध नाही. हायबरनेट बंद करून तो आकडा कमी होईल अशी अपेक्षा धरू नका, आणि जागेसाठी पेजफाइल बंद तर मुळीच करू नका. रॅम भरली की प्रोग्रॅम धडाधड बंद पडायला लागतील.

पुढचं सगळं कमांडने करायचं आहे. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि येणाऱ्या प्रश्नाला 'येस' म्हणा. ही पायरी गाळली तर बदल करणारी कमांड परवानगी नाही म्हणून परत येते. बहुतेक जण इथेच अडकतात.

कमांड इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी कीबोर्डचे हवेत. मराठी कीबोर्ड सुरू असेल तर विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून बदला. 'पॉवरसीएफजी' म्हणजे 'पॉवर' हा पूर्ण शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी. स्लॅश प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा. प्रत्येक स्लॅशच्या आधी एक स्पेस, स्लॅशनंतर नाही.

पहिली कमांड फक्त माहिती देते, काही बदलत नाही:

पॉवरसीएफजी /ए

वरच्या यादीत मशीनला जमणारे प्रकार येतात, खालच्या यादीत न जमणारे आणि त्यामागचं कारण. वर 'हायबरनेट' दिसलं तर सोय चालू आहे. खाली 'हायबरनेशन हॅज नॉट बीन एनेबल्ड' असेल तर ती बंद आहे. 'द हायबरफाइल टाइप डझ नॉट सपोर्ट हायबरनेशन' आलं तर फाइल आहे पण लहान प्रकारची आहे. जागा जातेय आणि हायबरनेट मात्र करता येत नाही. याच यादीत 'स्टँडबाय एस३', म्हणजे साधी स्लीप, आहे की 'एसझीरो लो पॉवर आयडल', हेही टिपून ठेवा. लॅपटॉपवाल्यांना ते पुढे लागेल.

तीन पर्याय आणि त्यांच्या कमांड

पूर्ण बंद करायचं असेल तर:

पॉवरसीएफजी /एच ऑफ

कमांड यशस्वी झाली तर काहीच संदेश येत नाही, फक्त पुढची ओळ येते. फाइल लगेच पुसली जाते, रिस्टार्ट लागत नाही. हीच फाइल एक्सप्लोररमधून डिलीट करायला गेलात तर ती वापरात आहे म्हणून नकार मिळतो. ती काढायचा मार्ग ही कमांडच आहे.

फाइल लहान करायची असेल तर:

पॉवरसीएफजी /एच /टाइप रिड्यूस्ड

आता फाइल रॅमच्या २० टक्क्यांवर येते, १६ जीबीला ३.२ जीबी. याची किंमत मात्र आधी समजून घ्या. लहान फाइलवर फक्त फास्ट स्टार्टअप चालतं. हायबरनेट जातं आणि हायब्रिड स्लीपही जातं (फास्ट स्टार्टअप आणि हायब्रिड स्लीप काय आहेत ते पुढे येतं). 'थोडी जागा कमी आणि हायबरनेटही चालू' असा हा मधला मार्ग आहे असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे.

कधीतरी कुणी फाइलचा आकार टक्क्यांत ठरवून दिलेला असेल तर ही कमांड मानली जात नाही. तेव्हा आधी तो आकडा शून्य करा आणि मग प्रकार बदला:

पॉवरसीएफजी /एच /साइज ०

पूर्ण प्रकारावर परत यायला:

पॉवरसीएफजी /एच ऑन
पॉवरसीएफजी /एच /टाइप फुल

पहिली ओळ सोय सुरू करते, दुसरी प्रकार पक्का करते. यासाठी सी ड्राइव्हवर फाइलएवढी रिकामी जागा हवी. जागाच नसेल तर कमांड अपयशी ठरते, म्हणून आधी रिसायकल बिन आणि टेम्पररी फाइल्स रिकाम्या करा. प्रत्येक बदलानंतर 'पॉवरसीएफजी /ए' पुन्हा देऊन बघा. अंदाजावर सोडू नका.

फास्ट स्टार्टअपचं काय होतं

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउनचा अर्थ बदलला आहे. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर बंद न होता याच फाइलमध्ये लिहिले जातात. पुढच्या वेळी ते तिथून उचलले जातात, म्हणून मशीन लवकर सुरू होतं. हेच फास्ट स्टार्टअप. हायबरनेट बंद केलं की तेही बंद होतं.

फिरत्या हार्ड डिस्कवर हा फरक चांगलाच जाणवतो. एसएसडीवर काही सेकंदांचा प्रश्न आहे आणि आमच्या मते तेवढ्यासाठी फास्ट स्टार्टअप जपण्यात अर्थ नाही. उलट त्याचा एक त्रास आहे. रोज शट डाउन करूनही मशीन खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतच नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडून 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या मशीनवर तिथे कित्येक दिवस दिसतात. प्रिंटर किंवा वायफायचा ड्रायव्हर अडकला असेल तर तो तसाच अडकलेला परत येतो. रिस्टार्ट मात्र नेहमी पूर्ण होतो. शट डाउनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरली तर तेवढ्यापुरतं मशीन पूर्ण बंद होतं.

रोज प्रवास करणारा लॅपटॉप: फाइल ठेवा, वापरा

आता तो टिपून ठेवलेला मुद्दा. यादीत 'एसझीरो लो पॉवर आयडल' असेल तर तुमचा लॅपटॉप मॉडर्न स्टँडबायचा आहे. झाकण मिटल्यावर तो मोबाइलसारखा अर्धवट जागा राहतो आणि नेटवर्कशी बोलत राहू शकतो. काही वेळा पार्श्वभूमीतलं एखादं काम त्याला झोपू देत नाही. संध्याकाळी रबाळे किंवा घणसोलीहून ठाण्याच्या गाडीत चढताना बॅग छातीशी घट्ट धरलेली असते, आत हवा खेळत नाही, आणि घरी येईपर्यंत लॅपटॉप गरम आणि बॅटरी अर्ध्यावर. अशा वापरात हायबरनेट बंद करणं म्हणजे नेमका उपाय काढून टाकणं.

विंडोजचं बटण आणि आर दाबा. उघडणाऱ्या चौकटीत 'पॉवरसीएफजी', डॉट आणि सी, पी, एल ही अक्षरं लिहून एंटर करा. पॉवर ऑप्शन्सचं जुनं पान उघडेल. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये पर्याय जागा बदलत राहतात, हे पान मात्र टिकून आहे, म्हणून तेच वापरा.

डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' निवडा. 'ऑन बॅटरी'खाली झाकण मिटल्यावर हायबरनेट ठेवा, 'प्लग्ड इन'खाली स्लीप राहू द्या. म्हणजे डेस्कवर झाकण मिटून चहाला गेलात तर लगेच परत येता येतं आणि बॅगेत टाकताना खरंच बंद होतं. फक्त क्रम पाळा: आधी चार्जर काढा, मग झाकण मिटा.

त्याच पानावर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक केलं की खालच्या चौकटी उघडतात. तिथे हायबरनेटला टिक करा, म्हणजे स्टार्टच्या पॉवर मेनूत ते दिसू लागेल. ही टिक नसते म्हणून अनेकांना आपल्या मशीनवर हायबरनेट नाहीच असं वाटतं.

झाकण मिटायला विसरलात तर? बॅटरीवर असताना ४५ मिनिटांनी आपोआप हायबरनेट व्हावं यासाठी:

पॉवरसीएफजी /चेंज हायबरनेट-टाइमआउट-डीसी ४५

आकडा मिनिटांचा. डीसी म्हणजे बॅटरी. चार्जरसाठी त्याच जागी एसी लिहा. शून्य दिलं तर आपोआप हायबरनेट कधीच होत नाही.

बॅगेतून दिवसभर फिरणाऱ्या लॅपटॉपला याचा आणखी एक फायदा आहे. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर किल्लीशिवाय वाचता न येणारा करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर हायबरनेशन फाइलही सी ड्राइव्हसोबत एन्क्रिप्ट झालेली असते. स्लीपमध्ये मात्र डिस्क उघडणारी किल्ली रॅममध्येच राहते. गर्दीत लॅपटॉप चोरीला गेला तर तो हायबरनेटमध्ये असणं जास्त सुरक्षित. कंपनीच्या लॅपटॉपवर या सेटिंग्ज करड्या दिसत असतील तर त्या आयटी विभागाने पॉलिसीने बांधलेल्या आहेत. तिथे कमांडने वळसा घालू नका.

डेस्कटॉप आणि यूपीएस

डेस्कटॉपला बॅटरी नसते, म्हणून हायबरनेट निरुपयोगी असं मानून ते बंद केलं जातं. यूपीएस नसेल आणि मशीन रोज संध्याकाळी बंद होत असेल तर खुशाल बंद करा. यूपीएस असेल तर मात्र थांबा.

यूपीएसच्या मागे चौकोनी यूएसबीचं तोंड असेल तर प्रिंटरला लागते तशी केबल घेऊन ते संगणकाला जोडा. बरेच यूपीएस जोडताच घड्याळाशेजारी बॅटरीचं चिन्ह येतं, म्हणजे विंडोज आता यूपीएसलाच बॅटरी समजतंय. पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनच्या 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जा आणि 'बॅटरी'खाली 'क्रिटिकल बॅटरी ॲक्शन' हायबरनेट करा. 'क्रिटिकल बॅटरी लेव्हल' ३० ते ४० टक्के ठेवा. लॅपटॉपला चालणारा पाच टक्क्यांचा आकडा इथे नको. यूपीएसची लेड-ॲसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि मग ती ३० टक्के दाखवत असतानाच एकदम बसते.

६०० व्हीएचा साधा यूपीएस एका डेस्कटॉपला आणि मॉनिटरला साधारण १० ते १५ मिनिटं देतो. तो वेळ नीट बंद होण्यासाठी असतो, काम चालू ठेवण्यासाठी नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोलमडून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा बऱ्याच भागांत ती तासन्‌तास आली नाही. अशा वेळी टेबलाशी कुणी नसलं तरी उघड्या फाइली वाचवणारी व्यवस्था म्हणजे हायबरनेट.

यूपीएस नाही, पण जेवायला जाताना मशीन स्लीपमध्ये टाकायची सवय आहे? मग 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये 'स्लीप'खाली 'अलाऊ हायब्रिड स्लीप' चालू ठेवा. यात मशीन झोपतं आणि रॅमची प्रत डिस्कवरही ठेवतं. मधल्या वेळात महावितरणची वीज गेली तरी काम परत मिळतं. यासाठी पूर्ण प्रकारची फाइल हवी आणि मशीन 'स्टँडबाय एस३'चं हवं.

कुठे बिघडतं

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असेल तर हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद करा, जागेचा विचारही न करता. हायबरनेट झालेल्या विंडोजला वाटत असतं की डिस्क आपण सोडली तशीच आहे. लिनक्समधून तिथे काही लिहिलं आणि मग विंडोज जागं झालं तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. म्हणूनच लिनक्स अशी डिस्क लिहिण्यासाठी उघडायला नकार देतं. तो नकार जबरदस्तीने ओलांडणारा पर्याय हायबरनेशन फाइल पुसतो, आणि तिच्याबरोबर विंडोजमधलं न जतन केलेलं कामही.

हाच धोका एक्स्टर्नल हार्ड डिस्कलाही आहे. हायबरनेट करण्याआधी ती 'इजेक्ट' करा. जोडलेली असताना हायबरनेट करून, तशीच काढून, दुसऱ्या मशीनवर लावून तिच्यात बदल करू नका.

दुकानात रॅम वाढवायला नेताना शिफ्टसह शट डाउन करा. हायबरनेट अवस्थेत हार्डवेअर बदललं तर जुनी प्रत उचलता येत नाही. रॅम वाढल्यावर हायबरनेट एकदा ऑफ करून पुन्हा ऑन करा आणि आकार तपासा. ८ ची १६ झाली की फाइलही दुप्पट होते; नवी रॅम टाकल्यापासून सी ड्राइव्हची जागा कमी झाली, ती याचमुळे.

हायबरनेट होताना निळा पडदा येऊन 'इंटर्नल पॉवर एरर' दिसत असेल तर एक शक्यता अशी की ४० टक्क्यांची फाइल अपुरी पडतेय. रॅममध्ये आधीच कॉम्प्रेस झालेला मजकूर, मोठे व्हिडिओ वगैरे, असेल तर तो आणखी दबत नाही. तेव्हा

पॉवरसीएफजी /एच /साइज १००

देऊन बघा. फाइल रॅमएवढी होईल, तेवढी जागा मोजून मगच द्या. थांबलं नाही तर ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून अद्ययावत करा.

मशीन आपोआप जागं होत असेल तर 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' शेवटचं कारण सांगते आणि 'पॉवरसीएफजी /वेकटाइमर्स' पुढे लावलेले गजर दाखवते.

एसएसडी झिजेल का

ही भीती खूप मोठी करून सांगितली जाते, म्हणून हिशोबच मांडू. रोज एकदा हायबरनेट केलं आणि प्रत्येक वेळी तब्बल ६ जीबी लिहिलं गेलं असं धरा. वर्षाचे सुमारे २,२०० जीबी, म्हणजे २.२ टीबी. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला १५० टीबी लेखनाची हमी मिळते. नुसत्या हायबरनेटने ती मर्यादा गाठायला साठ वर्षांहून जास्त लागतील. झिजेच्या भीतीने हायबरनेट बंद करू नका.

मॅक आणि लिनक्स, थोडक्यात

मॅकबुक मुळातच स्लीप होताना रॅमची प्रतही डिस्कवर ठेवतं. त्या फाइलचं नाव स्लीपइमेज. टर्मिनलमध्ये 'पीएमसेट -जी' दिलं की 'हायबरनेटमोड'समोर ३ दिसतो, तो लॅपटॉपचा मूळ आकडा. तो बदलायची गरज सहसा पडत नाही.

लिनक्समध्ये वेगळी फाइल नसते. स्वॅपमध्येच, म्हणजे रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेल्या जागेत, लिहिलं जातं. रॅमएवढा स्वॅप ठेवणं बरं, आणि तो कुठे आहे हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, 'रिझ्यूम' या पॅरामीटरने सांगावं लागतं. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय) चालू असेल तर कर्नलच हायबरनेट अडवू शकतो.

एवढं करूनही सी ड्राइव्ह भरलेलाच असेल तर

मोठ्या विंडोज अपडेटनंतर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर उरतो. तो बहुतेक वेळा हायबरनेशन फाइलपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि १० दिवसांनी आपोआप जातो. जुन्या आवृत्तीवर परत जायचं नसेल तर सेटिंग्जमधल्या 'टेम्पररी फाइल्स'मधून तो आजच काढा. त्याच यादीत डाउनलोड्सचीही चौकट असते. तिला टिक करण्याआधी आत काय आहे ते उघडून बघा, कारण तिथून गेलेलं रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.